विश्लेषण : ओलिसांसाठी खंडणी द्यावी का? कान्होजी आंग्रेंनी तीनशे वर्षांपूर्वी इंग्रजांना टाकलेला पेच आजही का सुटलेला नाही?

४ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय नौदलाने नौदल दिन मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा केला. त्यानंतर साडेतीन महिन्यांत, मार्च २०२४ मध्ये, ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका ३५ सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली. या चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरील १७ खलाशांची सुटका नौदलाच्या कारवाईतून झाली होती, खंडणी देऊन नव्हे. पण प्रत्येक वेळी युद्धनौका वेळेत पोहोचत नाही. मग पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न उरतोच. याच किनाऱ्यावर तीनशे वर्षांपूर्वी तो मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरांपुढे उभा होता आणि उभा करणारे होते मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे. विजयदुर्ग आणि देवगड हे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील किल्ले त्यांच्या ताब्यात होते.

कान्होजी आंग्रे कोण होते?

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानला जातो. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी शिवकाळात सुवर्णदुर्गावर चाकरीला होते. त्यामुळे कान्होजी वाढले ते हर्णैच्या किनाऱ्यावर, गलबते आणि भरती-ओहोटीच्या हिशेबात.

त्यांच्या उदयाची कथा कैदेपासूनच सुरू होते. जंजिऱ्याच्या सिद्दीने सुवर्णदुर्गाला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार फितूर होऊन किल्ला देण्याच्या तयारीत होता. तरुण कान्होजींनी त्यालाच अटकेत टाकून किल्ला लढवला. पुढे एका छाप्यात ते स्वतः सिद्दीच्या हाती सापडले आणि निसटून, पोहत किल्ल्यावर परतले, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. तपशिलाबाबत मतभेद असले तरी वेढ्यानंतर त्यांचे नाव झाले, हे निश्चित. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर मराठी आरमाराची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि सरखेल ही पदवी मिळाली.

तो काळ मराठी राज्यासाठी कठीण होता. मुघल फौजा महाराष्ट्रात होत्या आणि राजधानी स्थिर नव्हती. अशा वेळी किनाऱ्यावरचे किल्ले राखायचे, खलाशांचे पगार द्यायचे आणि जहाजे बांधायची, तर पैसा समुद्रातूनच उभा करावा लागणार होता.

वाद नेमका कशाचा होता?

वाद होता परवान्याचा. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अरबी समुद्रातल्या व्यापारी जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत. तो नसलेले जहाज जप्त होई. युरोपीय सत्तांच्या लेखी ही राज्यकारभाराची रीत होती. कान्होजींनी कोकण किनाऱ्यावर हेच केले. त्यांचे दस्तक घेऊन, ठरलेला कर भरून जाणाऱ्या जहाजाला अभय; न घेणाऱ्याला अटकाव. विजयदुर्ग, देवगड, जयगड, सुवर्णदुर्ग, कुलाबा आणि खांदेरी अशी साखळी हातात असल्याने मुंबई ते गोवा या पट्ट्यात त्यांची नजर चुकवणे अवघड होते.

त्यांची पद्धतही किनाऱ्याला साजेशी होती. उथळ पाण्यात चालणाऱ्या गुराबा आणि वल्ह्यांवर पळणारी गलबते घेऊन ती माणसे मोठ्या जहाजाच्या मागच्या बाजूने येत. तिथे जहाजाच्या तोफा कमी असत. वारा पडला की शिडांवर अवलंबून असलेले जहाज जागच्या जागी अडके आणि वल्ह्यांची गलबते त्याला घेरत. पाठलाग झालाच तर खाड्या होत्याच. विजयदुर्गाला बिलगून आत जाणारी वाघोटन खाडी ही त्यातली सर्वांत सुरक्षित जागा.

इंग्रज कंपनीने कान्होजींचे दस्तक घेण्यास नकार दिला. त्यांच्या मते कान्होजी हा चाचा होता आणि चाच्याला कर द्यायचा नसतो. कान्होजींच्या मते ते छत्रपतींचे अधिकारी होते आणि हे पाणी त्यांच्या धन्याचे होते.

१७१२ मध्ये काय घडले?

नोव्हेंबर १७१२ मध्ये कारवारच्या इंग्रज वखारीतून मिरी आणि मेण भरलेले ‘ॲन’ हे जहाज मुंबईकडे निघाले. सोबत मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लाबी यांची सशस्त्र नौका आणि संरक्षणासाठी एक लढाऊ जहाज होते. कारवार वखारीचे प्रमुख थॉमस चाऊन आणि त्यांची तरुण पत्नी कॅथरिन हे गव्हर्नरच्या नौकेतून प्रवास करत होते. वाटेत कान्होजींच्या गुराबांनी त्यांना गाठले. संरक्षक जहाज लढाई सोडून निघून गेले. नौकेचा डोल तुटला. तोफेचा गोळा लागून चाऊन यांचा मृत्यू झाला. नौका, ‘ॲन’, माल आणि माणसे, सारेच कान्होजींच्या हाती आले.

कॅथरिन तीनच वर्षांपूर्वी, १७०९ मध्ये, आई-वडिलांसोबत कारवारला उतरली होती. तेव्हा तिचे वय तेरा-चौदा वर्षांचे होते. वखारीच्या वयस्क प्रमुखाशी तिचे लग्न लावून देण्यात आले. तो वारल्यावर तिने चाऊन यांच्याशी लग्न केले. पकडली गेली तेव्हा ती दुसऱ्यांदा विधवा झाली होती आणि गरोदर होती.

मुंबईच्या इंग्रजांपुढे आता दोनच मार्ग होते. आरमार पाठवायचे, तर तेवढे आरमार नव्हते. न पाठवायचे, तर कंपनीच्या अधिकाऱ्याची पत्नी कैदेत राहणार होती. फेब्रुवारी १७१३ मध्ये लेफ्टनंट मॅकिन्टॉश हे ३० हजार रुपये घेऊन कुलाब्याला गेले आणि कैद्यांना घेऊन परतले.

३० हजारांच्या बदल्यात कोणाला काय मिळाले?

इंग्रजांना माणसे परत मिळाली आणि काही काळ शांतताही. तहानुसार कंपनीच्या जहाजांना कान्होजींनी हात लावायचा नव्हता. इंग्रजांनी आपले निशाण दुसऱ्यांच्या जहाजांना वापरू द्यायचे नव्हते.

कान्होजींना मिळाले ते रकमेपेक्षा मोठे होते. ज्याला इंग्रज चाचा म्हणत होते, त्याच्याशी त्यांनी अटी ठरवून तह केला होता. तह सत्तेशी होतो, टोळीशी नाही.

वेळही महत्त्वाची होती. त्या सुमारास सातारच्या शाहू महाराजांनी कान्होजींविरुद्ध फौज पाठवली. कान्होजी तेव्हा ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांनी फौजेचे नेतृत्व करणारे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले. म्हणजे एका वर्षाच्या आसपास इंग्रज वखारीची माणसे आणि मराठी राज्याचा पेशवा असे दोन वेगळ्या वजनाचे कैदी त्यांच्या हाती आले. पिंगळ्यांसाठी पैसा मोजावा लागला नाही. नव्याने पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी बोलणी करून कान्होजींना शाहूंच्या बाजूला आणले. १७१४ च्या आरंभी झालेल्या या समझोत्यात पिंगळे सुटले, कान्होजींचे सरखेलपद मान्य झाले आणि विजयदुर्ग, देवगड यांच्यासह १० किल्ले त्यांच्याकडे राहिले.

राजापूरचा अनुभव काय होता?

कंपनीला हा प्रश्न नवा नव्हता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या इंग्रजांनी तिथे जाऊन शिवाजी महाराजांविरुद्ध तोफा डागल्या होत्या, त्याही इंग्रजी निशाण लावून. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. सुटकेसाठी आधी सिद्दीविरुद्ध मदतीची अट पुढे आली, नंतर रकमेची.

सुरतेच्या इंग्रज वरिष्ठांनी हात वर केले. पन्हाळ्यावर जाण्याचा उद्योग आपल्या हुकुमाने झाला नव्हता, तेव्हा त्याची फळे संबंधितांनीच भोगावीत, असा त्यांचा पवित्रा होता. उरलेले कैदी १६६३ मध्ये सुटले. पुढच्याच वर्षी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले.

राजापूरला कंपनीने पैसे देण्यास नकार दिला आणि माणसे दोन वर्षे अडकली. १७१३ मध्ये पैसे दिले आणि माणसे तीन महिन्यांत परतली. मात्र पहिल्या वेळी नकार तत्त्वासाठी नव्हता आणि दुसऱ्या वेळी होकारही धोरण म्हणून नव्हता. कैदी कोण, यावर बरेच काही ठरत होते.

खंडणी बंद, तोफा सुरू : विजयदुर्गावर काय झाले?

डिसेंबर १७१५ मध्ये चार्ल्स बून मुंबईचे गव्हर्नर झाले. तोवर १७१३ चा तह फाटायला लागला होता. कंपनीच्या जहाजांना सूट होती. पण कंपनीच्या छायेत व्यापार करणाऱ्या खासगी व्यापाऱ्यांच्या मालाचे काय? इंग्रज म्हणत, आमचा परवाना म्हणजे आमचे जहाज. कान्होजी म्हणत, ज्याचा माल त्याने दस्तक घ्यावे. ‘सक्सेस’ नावाचे जहाज पकडले गेल्यावर तह संपल्यात जमा झाला.

बून यांनी मुंबईभोवती तटबंदी उभारली, लढाऊ जहाजे बांधली आणि एप्रिल १७१७ मध्ये विजयदुर्गावर स्वारी केली. शेजारच्या गिर्ये गावावरून इंग्रज या किल्ल्याला घेरिया म्हणत. तोफांचा मारा तटाला भेदू शकला नाही आणि शिड्या तटापुढे अपुऱ्या पडल्या. आठवडाभराच्या आत मोहीम माघारी फिरली. १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. १७२० मध्ये वॉल्टर ब्राऊन यांच्या हाताखाली ‘फ्राम’ ही सपाट तळाची तरंगती तोफनौका घेऊन इंग्रज पुन्हा विजयदुर्गासमोर आले. किल्ला जागचा हलला नाही.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाची चार लढाऊ जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आणि गोव्याहून खुद्द व्हाइसरॉय कुलाब्यावर चालून गेले. पेशवे बाजीराव घोडदळ घेऊन कान्होजींच्या मदतीला आले. हल्ला फसला आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला. १७२४ मध्ये डच सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर आले आणि तेही रिकाम्या हाताने गेले.

बून यांच्या मोहिमांतून धोरणाचा एक धडा निघतो. खंडणी देणार नाही, ही भूमिका तेव्हाच टिकते जेव्हा माणसे सोडवण्याचा दुसरा मार्ग हाताशी असतो. इंग्रजांकडे तो नव्हता. त्यामुळे खंडणीवर वाचलेला पैसा मोहिमांवर गेला आणि कैदी तिथेच राहिले.

सगळ्या कैद्यांचे मोल सारखे होते का?

नव्हते. १७२८ मध्ये कान्होजींच्या आरमाराने कंपनीची ‘किंग विल्यम’ ही नौका पकडली. तिचा कप्तान मॅकनील याने पळून जाण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्याला बेड्या घालून जिवावर बेतेल इतकी मारहाण झाली. कित्येक वर्षांनी तो सुटला तो अवघ्या ५०० रुपयांवर.

एका बाजूला ३० हजार आणि तीन महिने, दुसऱ्या बाजूला ५०० आणि कित्येक वर्षे. १७१३ च्या रकमेत तहाचे मोल धरलेले होते, हे खरे. तरीही ज्या कप्तानासाठी ५०० रुपये पुरले, त्याला इतकी वर्षे थांबावे लागले, हे उरतेच. दोन्ही बाजूंच्या साध्या खलाशांची तर नावेही फारशी नोंदली गेलेली नाहीत. कान्होजींचा गौरव करताना ही कैद विसरता येत नाही.

कॅथरिनचे पुढे काय झाले? मुंबईला परतल्यावर तिने मुलाला जन्म दिला आणि विल्यम गिफर्ड या कंपनीच्या अधिकाऱ्याशी तिसरे लग्न केले. १७२१ मध्ये केरळ किनाऱ्यावर अंजेंगोच्या इंग्रजांविरुद्ध झालेल्या उठावात गिफर्डही मारला गेला. तिसऱ्यांदा विधवा झाली तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती. यानंतर तिच्या पतीच्या हिशेबातील येणे वसूल करण्यासाठी कंपनी तिच्याच मागे लागली.

कान्होजी चाचे होते की राज्याचे अधिकारी?

बून यांच्यानंतर आलेले गव्हर्नर विल्यम फिप्स आणि कान्होजी यांच्यात १७२४ मध्ये पत्रव्यवहार झाला. फिप्स यांचा सूर असा होता, की लुटीवर चालणारे राज्य टिकत नाही. कान्होजींचे उत्तर तितकेच नेमके होते. व्यापाऱ्यांची हावही काही कमी नसते, जगाची रीतच ती आहे, असे त्यांनी सुनावले आणि शिवाजी महाराजांनी चार बादशाह्यांशी झुंजून राज्य उभे केले याची आठवण दिली.

आजच्या कसोटीवर पाहिले, तर चाचेगिरी म्हणजे खासगी लाभासाठी समुद्रावर केलेली हिंसा. कान्होजींकडे छत्रपतींची सनद होती, ठरलेला कर होता, किल्ले होते आणि त्यांनी केलेले तह होते. म्हणून मराठी इतिहासात ते आरमारप्रमुख आहेत. स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील नौदल तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. पुढे खांदेरी बेटालाही कान्होजींचे नाव देण्यात आले.

१७२९ च्या पावसाळ्यात कान्होजींचे निधन झाले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्यांच्या हयातीत विजयदुर्ग कोणालाही घेता आला नाही.

त्यांच्यानंतर मालवण किनाऱ्यावर काय झाले?

मुलांमध्ये फूट पडली. कुलाबा मानाजींकडे आणि दक्षिणेकडचा भाग संभाजी व नंतर तुळाजी आंग्रे यांच्याकडे गेला. तुळाजींचे पेशव्यांशी बिनसले. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. मराठी आरमाराची जहाजे खाडीत जळाली. किल्ल्यातील सुमारे १० लाखांचा ऐवज इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. तुळाजी पेशव्यांचे कैदी झाले आणि कैदेतच वारले.

मालवण तेव्हा करवीरच्या छत्रपतींकडे होते. तिथल्या आरमाराला इंग्रज ‘मालवणी चाचे’ म्हणत. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस ठेवले. सांभाळणे परवडेना, तेव्हा साडेतीन लाखांहून अधिक रुपये घेण्याच्या बोलीवर तो करवीरला परत दिला. माणूस पकडून पैसे घेणे ही चाचेगिरी आणि किल्ला पकडून पैसे घेणे ही युद्धाची भरपाई, असा हा हिशेब होता.

आज सरकारांचे धोरण काय आहे?

जानेवारी २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव २१३३ संमत केला. दहशतवाद्यांना खंडणी किंवा राजकीय सवलती मिळू नयेत, असे आवाहन त्यात आहे. अमेरिका आणि ब्रिटन खंडणी न देण्याची भूमिका घेतात. २०१४ मध्ये सीरियात ‘आयसिस’च्या कैदेतील अनेक युरोपीय ओलीस सुटले; अमेरिकी आणि ब्रिटिश ओलिसांची हत्या झाली. युरोपीय सरकारांनी पैसे दिल्याचे मान्य केलेले नाही. पुढच्या वर्षी अमेरिकेने धोरण थोडे सैल केले. सरकार सवलत देणार नाही, पण खंडणी देणाऱ्या कुटुंबांवर खटले भरले जाणार नाहीत, असे स्पष्ट झाले.

भारताने डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहार प्रकरणात प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझरसह तीन दहशतवादी सोडले. २००५ च्या विमान अपहरणविरोधी धोरणात मागण्यांवर वाटाघाटी न करण्याची भूमिका घेण्यात आली.

समुद्री चाच्यांबाबत चित्र वेगळे आहे. तिथे पैसे सहसा सरकार नव्हे, तर जहाजमालक आणि विमा कंपन्या देतात. अशी खंडणी बेकायदा नाही, असे ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले. भारताने २०२२ मध्ये सागरी चाचेगिरीविरोधी कायदा करून कठोर शिक्षांची तरतूद केली.

पण पैसे दिले की माणसे सुटतातच असेही नाही. १५ भारतीय खलाशी असलेले ‘अस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये पळवण्यात आले. एप्रिल २०११ मध्ये खंडणी मिळाल्यावर चाच्यांनी जहाज आणि आठ जणांना सोडले, सात जणांना ठेवून घेतले. भारताच्या तुरुंगातील शंभरहून अधिक सोमाली चाच्यांना सोडा, ही त्यांची नवी मागणी होती. त्या सात जणांची सुटका झाली ती ऑक्टोबर २०१४ मध्ये.

मग या चरित्रातून काय घ्यायचे?

तीन गोष्टी. पहिली, १७१३ ची खंडणी माणसे सोडवू शकली, पण वाद सोडवू शकली नाही. दस्तकाचा प्रश्न तसाच राहिला आणि चार वर्षांत तोफा सुरू झाल्या. दुसरी, नकाराची किंमत नकार देणारा मोजत नाही. राजापूरला ती वखारीतल्या माणसांनी मोजली, विजयदुर्गाच्या काळात मॅकनीलने आणि सोमालियात सात खलाशांनी. तिसरी, समोरच्याला काय म्हणायचे, यावर धोरण ठरते. चाचा म्हटले की बोलणी बंद होतात, सत्ता म्हटले की तह होतो. इंग्रजांनी कान्होजींबाबत सोयीनुसार दोन्ही केले.

कोकणातली मुले आजही मोठ्या संख्येने बोटीवर जातात. त्यांच्या घरच्यांना सरकारचे धोरण कडक असावे असे वाटते आणि आपला माणूस परत यावा असेही वाटते. यातली कोणतीही भावना चुकीची नाही. म्हणूनच खंडणी न देण्याचे धोरण आखणाऱ्या सरकारने, ओलिसाला सोडवण्याचा दुसरा मार्ग कोणता आणि तोवर त्याच्या घराची जबाबदारी कोणाची, याचेही उत्तर त्याच कागदावर लिहिणे गरजेचे ठरते.